चाळीस लाल चिठ्ठ्या

३ मार्च, मंगळवार

आजपासून नोंदी ठेवायच्या. ध्वनियंत्रांच्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासनीस होतो. बाहेरून आलेला प्रत्येक नग मोजायचा. बरोबर असेल तर हिरवी चिठ्ठी, चूक असेल तर लाल. जे कागदावर नाही ते झालंच नाही, हे मी प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवायचो. निवृत्त होऊन चौदा महिने झाले म्हणून हा नियम काही निवृत्त झालेला नाही.

काम असं आहे. लेक गिटार वाजवते. तिचा अॅम्प म्हणजे प्लॅस्टिकचा डबा. नाक चिमटीत धरून कोणी गावं तसा त्यातून आवाज येतो. बावीस तारखेला तिच्या गटाचा कार्यक्रम आहे. त्याआधी तिला व्हॉल्व्हचा छोटा अॅम्प बनवून देणार, असं मी काल जेवताना जाहीर केलं. तर म्हणते कशी, "बाबा, मी भाड्याने आणणार आहे. तुम्ही कशाला उगाच त्रास घेता?" उगाच! चौदा महिन्यांत मी जे जे हातात घेतलं ते या घरात उगाचच ठरलं आहे. स्वयंपाकघरातल्या डब्यांना मापाच्या चिठ्ठ्या लावल्या, त्याही उगाच. दुसऱ्या दिवशी हिने सगळ्या धुऊन काढल्या.

सामान जवळजवळ सगळं आहे. कारखान्याने एकदा व्हॉल्व्हच्या अॅम्पची खास ऑर्डर घेतली होती. ती बारगळली आणि उरलेले सुटे भाग आम्हाला वाटून टाकले. जुन्या रेडिओत असायचे तसले काचेचे तीन व्हॉल्व्ह, त्यांचे सॉकेट, स्पीकरकडचा छोटा ट्रान्स्फॉर्मर, सगळं माझ्या ट्रंकेत आहे. नाही तो फक्त पॉवर ट्रान्स्फॉर्मर. म्हणजे भिंतीतली वीज घेऊन व्हॉल्व्हना दोन वेगवेगळ्या मापांत देणारा. एक दोनशे पन्नास व्होल्ट, आवाजाच्या कामासाठी. दुसरं सहा पॉइंट तीन, हीटरसाठी, म्हणजे व्हॉल्व्हच्या पोटातली तार तापवायला. वीज कमी मिळाली तर आवाज मरतो आणि जास्त मिळाली तर व्हॉल्व्ह मरतो.

ही म्हणाली, "वाइंडिंगवाल्याकडून गुंडाळून घ्या की."

मी नुसतं तिच्याकडे पाहिलं. असले ट्रान्स्फॉर्मर गुंडाळणारा या गावात एकच माणूस उरला आहे, आणि तो तिचा धाकटा भाऊ. अकरा वर्षं त्याचं नाव या घरात निघालेलं नाही. पुढेही निघणार नाही.

५ मार्च, गुरुवार

दुकानात जाऊन आलो. डोकं अजून ठिकाणावर नाही.

पहिल्या दुकानात म्हणालो, व्हॉल्व्हच्या अॅम्पसाठी ट्रान्स्फॉर्मर हवा. त्याने हात लांब करून दाखवलं, "नळाचं सामान पलीकडे." दुसऱ्या दुकानातला निदान शिकलेला वाटत होता. त्याने खालच्या फळीवरून धूळ झटकत एक काळा ठोकळा काढला. "हा घ्या काका, काहीही चालतं याच्यावर."

"किती व्होल्ट?"

"भरपूर."

एकतीस वर्षांत मी बरीच मापं पाहिली, पण 'भरपूर' हे माप पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, दोनशे पन्नास पाहिजे, शिवाय सहा पॉइंट तीन पाहिजे. तो म्हणाला, "सहा घ्या ना. पॉइंट तीनने काय बिघडतं?" तळपायाची आग मस्तकात गेली. पॉइंट तीनने काय बिघडतं! हे वाक्य ज्या दिवशी दुकानांत बोललं जाऊ लागलं त्या दिवसापासूनच सगळं बिघडत आलं आहे.

घरी आलो तर ही नाही. गुरुवार, म्हणजे वाचनालय. दर गुरुवारी दुपारी जाते ती दिवेलागणीला येते. आजही आली तेव्हा तिच्या अंगाला व्हार्निशचा वास येत होता. वाचनालयातल्या कपाटांना म्हणे पॉलिश चालू आहे. दोन वर्षं चालू आहे! मी म्हटलं, एकदा येऊन कंत्राटदाराला चांगला झापतो. तर म्हणाली, "नको, तुमचा उगाच रक्तदाब वाढेल."

६ मार्च, शुक्रवार

शेजाऱ्यांच्या माळ्यावरच्या मोडक्या रेडिओतला ट्रान्स्फॉर्मर काढून पाहिला. दहा मिनिटांत इतका तापला की वर हात ठेववेना. मग धूर. लेक कामाला निघता निघता दारातून म्हणाली, "बाबा, अॅम्प ना? की बंब?" या घरात माझी किंमत काय आहे ते हे असं कळतं.

ट्रंक उघडली तेव्हा हिरव्या-लाल चिठ्ठ्यांचे पॅड हाताला लागले. निवृत्तीच्या दिवशी आणले होते. लाल पॅड जवळजवळ संपलेलं, हिरवं जाडजूड. लोक समजतात की लाल चिठ्ठी लावायला मला मजा यायची. मजा कसली? कोणाचीही भीड न धरता काम करणं याला मजा म्हणत नाहीत.

मेहुण्याची गोष्ट एकदा लिहूनच टाकतो, म्हणजे मनातून जाईल. त्या खास ऑर्डरसाठी चाळीस ट्रान्स्फॉर्मर हवे होते. असला माल कारखान्यात पहिल्यांदाच बाहेरून येत होता, आणि काम मिळालं मेहुण्याला. मी शब्द टाकला नव्हता, हे इथे स्पष्ट लिहितो. त्याने दुकान वाढवलं, दोन माणसं ठेवली, चार महिने राबला. माल आला. मी मोजला. दोनशे पन्नासच्या जागी दोनशे ऐंशी! सहा पॉइंट तीनच्या जागी सात पॉइंट एक! एखाद-दुसरा नग चुकता तर समजलो असतो. पण चाळीसच्या चाळीस, आणि सगळे अगदी एकसारखे चुकीचे. म्हणजे मुद्दामच. काहीतरी काटकसर करून गुंडाळलेले, आणि तपासायला घरचा माणूस आहे म्हणून पाठवलेले.

तो धावत आला. "भाऊजी, भार लावून मोजा," म्हणाला. मी म्हणालो, इथे मी भाऊजी नाही. मला काय मोजायचं ते तू शिकवणार? कागदावर दोनशे पन्नास लिहिलंय, मीटर दोनशे ऐंशी दाखवतोय, विषय संपला. चाळीस लाल चिठ्ठ्या मी स्वतःच्या हाताने बांधल्या. साध्या गाठीने नाही, तिहेरी गाठीने. वाटेत कोणी सोडून हिरवी लावायला नको.

ऑर्डर गेली. त्याचं दुकान बंद झालं. आता कुठेशी पत्र्याच्या शेडमध्ये पंपांच्या मोटारी गुंडाळतो म्हणतात. त्याचं मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण नात्याकडे पाहून हिरवी लावली असती तर आरशात तोंड कसं बघितलं असतं?

१० मार्च, मंगळवार

ऑनलाइन मागवलेलं पार्सल आलं. चित्रात भलामोठा ट्रान्स्फॉर्मर होता. खोक्यातून निघाला तो दाराच्या घंटीचा. तळहातावर मावतो! विकणाऱ्याला दोन पानी पत्र लिहिलं, मुद्द्यांना क्रमांक दिले. तिसऱ्या मिनिटाला उत्तर आलं: 'आपल्या समाधानाने आम्हाला आनंद झाला.' माझ्या समाधानाने! ते उत्तर यंत्राने लिहिलंय, असं लेक म्हणते. मग यंत्राला निदान वाचायला तरी शिकवा.

बारा दिवस उरले. बाकी सगळी जोडणी झाली आहे. पत्र्याच्या पेटीत ट्रान्स्फॉर्मरच्या जागी चौकोनी भोक आहे आणि ते दिवसभर माझ्याकडे बघतं.

जेवताना लेक म्हणाली, "बाबा, राहू दे ना. खरंच मला काही वाटणार नाही."

तेच तर. तिला काही वाटणार नाही. माझ्यावाचून कोणाचं काही अडत नाही, हे ती गोड शब्दांत सांगते आहे. जेवण अर्धं टाकून उठलो. ही बराच वेळ माझ्याकडे बघत बसली होती. मग म्हणाली, हवी ती मापं एका कागदावर लिहून द्या. "कशाला?" तर म्हणे वाचनालयात एकाच्या ओळखीचा कोणी आहे.

१२ मार्च, गुरुवार

ट्रान्स्फॉर्मर आला!

हिने पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. वर्तमानपत्रात गुंडाळलेला, अजून कोमट. दोन दिवसांत तयार. वाचनालयातल्या ओळखीच्या माणसाचं मानलं पाहिजे. पत्रे एकावर एक असे बसलेत की नख शिरणार नाही. तारा मेणाच्या दोऱ्याने आवळलेल्या, प्रत्येक तारेला वेगळ्या रंगाची नळी. व्हार्निश पुरतं सुकलेलं नाही.

"कोणी केला?" मी विचारलं.

"आहे एक. नजर अधू झालीय त्याची, पण हात शाबूत आहेत."

"नजर अधू आणि वेढे मोजतो कसा? तारेचे हजारावर वेढे असतात."

"मोजायला बसतं कोणीतरी शेजारी," ही म्हणाली आणि भांडी घासायला गेली. भांडी सकाळीच घासून झाली होती. या बाईचं लक्ष हल्ली कुठे असतं कोण जाणे.

सकाळच्या उजेडात मोजतो.

१३ मार्च, शुक्रवार

मोजला. काय लिहू?

दोनशे एक्क्याऐंशी. हीटरला सात पॉइंट एक.

पुन्हा मोजला. मीटरचा सेल बदलून मोजला. तेच. हुबेहूब मेहुण्याची चूक! म्हणजे या गावात सगळ्यांनी एकाच गुरूकडून फसवायचं शिक्षण घेतलं आहे. दिसायला देखणा आणि पोटात खोट. मला तर आधी कौतुक वाटलं होतं, याचाच जास्त राग येतोय.

रीतसर लाल चिठ्ठी केली. कारण: 'वेढे मोजण्यात ढिसाळपणा.' दोऱ्याने बांधली आणि हिच्या पुढ्यात ठेवली. "परत करून टाक."

हिने चिठ्ठी वाचली. परत वाचली. "ढिसाळपणा?" तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "मोजण्यात?"

"हो. बसवलं असेल कोणीतरी गप्पा मारणारं. एक-दोन शेकडे चुकले असतील."

"एकही चुकलेला नाही," ती म्हणाली.

"तुला काय माहीत?"

ती उठून आत गेली. दार आपटलं नाही, पण आपटल्यासारखं लावलं. परक्या माणसासाठी इतका राग? आणि जो खरं बोलला त्याच्यावर!

१५ मार्च, रविवार

ही माझ्याशी बोलत नाही. चहा समोर येतो, पण कप असा ठेवला जातो की बशीत अर्धा सांडतो. ट्रान्स्फॉर्मर परत केलेला नाही. कपाटावर आहे, लाल चिठ्ठी लोंबते आहे.

दुपारी लेक माझ्यासमोर येऊन बसली. "बाबा, आईला काय बोललात?"

"मी ट्रान्स्फॉर्मरला बोललो. आईला काही बोललो नाही."

तिने कपाटावरच्या चिठ्ठीकडे बघितलं. मग म्हणाली, "भार लावून मोजलंत का?"

हातातला सोल्डरिंगचा दांडा मी खाली ठेवला, नाहीतर काहीतरी पेटलं असतं. तेच वाक्य! शब्दन् शब्द तेच. "हे तुला कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. वाचलं असेल कुठेतरी."

"वाचनालयात?"

"तसंच काहीसं."

घरातले सगळे एकीकडे आणि मीटर आणि मी एकीकडे. ठीक आहे. आता भार लावूनच मोजतो. व्हॉल्व्ह घालतो, सगळी जोडणी पुरी करतो आणि चालू करतो. सात पॉइंट एकने व्हॉल्व्ह जळाले तर जळू देत. जळालेले व्हॉल्व्ह मी दोघींच्या पुढ्यात ठेवीन आणि विचारीन, झालं समाधान? अकरा वर्षांपूर्वीही हेच करायला हवं होतं, म्हणजे त्याचंही तोंड तेव्हाच बंद झालं असतं.

२० मार्च, शुक्रवार

आज चालू केला. क्रमाने लिहितो.

सकाळी दहा वाजता दोघींना समोर बसवलं. आधी खबरदारी म्हणून वायरीत एक साधा बल्ब घातला; आत काही शॉर्ट असेल तर बल्ब भगभगतो. बल्ब क्षणभर उजळला आणि मंद झाला. मग बल्ब काढून थेट लावलं. तिन्ही व्हॉल्व्हच्या पोटात केशरी तारा दिसू लागल्या. मी त्या फुटायची वाट बघत होतो.

पाच मिनिटं थांबलो. मीटर लावला. आधी हीटर.

सहा पॉइंट तीन.

मला वाटलं मीटरची टोकं नीट टेकली नाहीत. परत लावली. सहा पॉइंट तीन. दुसरा मीटर आणला, तोही तेच बोलला. दोन्ही मीटर बिघडले, असं मी मोठ्याने म्हणालो. मग वरची बाजू. दोनशे एक्कावन्न.

व्हॉल्व्ह काढले. दोनशे एक्क्याऐंशी. व्हॉल्व्ह घातले, तापू दिले. दोनशे एक्कावन्न. काढले, घातले. असं चार वेळा केलं. म्हणजे काही काम नसलं की तो ट्रान्स्फॉर्मर चढलेला असतो. काम मागितलं की बरोबर मापावर येतो. गुंडाळणाऱ्याने तेवढा हिशेब आधीच धरलेला असतो, आणि गुंडाळणाऱ्याला हे कळत नसेल तर तो गुंडाळणारा कसला?

लेकीने गिटार जोडली, एक सूर छेडला. खोलीभर पसरला. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला असेल. मी बघितला नाही. मी ट्रंकेकडे गेलो होतो.

त्या मालाच्या तपासणीची कार्बन प्रत मी जपून ठेवली आहे. माझा अभिमानाचा कागद. चाळीस ओळी. दोनशे ऐंशी, दोनशे एक्क्याऐंशी, दोनशे ऐंशी, दोनशे एकोणऐंशी, दोनशे ऐंशी. हाताने गुंडाळलेले चाळीस ट्रान्स्फॉर्मर आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत दोन व्होल्टचा फरक. एकतीस वर्षांत इतकं एकसारखं काम मी कोणाचं पाहिलं नाही. आणि खाली माझ्याच अक्षरात शेरा: 'सर्व नग एकसमान सदोष, सबब हेतुपुरस्सर.'

तो धावत आला होता. एकच गोष्ट म्हणाला होता.

आणि मला राग कोणाचा येतो आहे? आधी त्या मापाच्या कागदाचा आला. 'भार लावून' हे दोन शब्द लिहायला कोणाच्या बोटांना काय झालं होतं? मग वरच्या साहेबाचा, त्याने न वाचता सही ठोकली. मग हिचा, अकरा वर्षांत एकदा तरी ओरडून सांगायचं. त्यानंतर यादी संपली आणि माझ्याशिवाय कोणी उरलं नाही.

दुपारी ट्रान्स्फॉर्मरची वरची टोपी उघडली. कशाला, ते माहीत नाही. आतल्या कागदावर पेन्सिलीने वेढ्यांचे आकडे लिहिलेले होते, थर-थर करून. त्यात नऊ होते, उलट्या पोटाचे नऊ. शाळेपासून असा नऊ काढणारं माणूस मला एकच माहीत आहे. चौतीस वर्षं मी तिच्या याद्या घेऊन सामान आणतो आहे.

'वेढे मोजण्यात ढिसाळपणा.'

बाहेर आलो. ही खिडकीशी बसली होती. मी विचारलं, "वाचनालयाला पॉलिश कधी होणार संपून?"

"वाचनालय चार वर्षांपूर्वीच बंद पडलं," ती म्हणाली. "तुम्ही कधी त्या रस्त्याने गेलाच नाहीत."

२२ मार्च, रविवार

कार्यक्रम झाला. लहानसं सभागृह, पुढच्या खुर्च्या भरलेल्या. अॅम्प एकदाही कुरकुरला नाही. लेक मध्येच थांबून म्हणाली, "हा अॅम्प माझ्या बाबांनी केलाय, आणि..." मग तिने आईकडे बघितलं आणि म्हणाली, "आणि घरच्यांनी." टाळ्या पडल्या. शेजारचा माणूस वाकून अभिनंदन करायला लागला. मी त्याच्यावर खेकसलो. त्या टाळ्या चुकीच्या पत्त्यावर आल्या होत्या, हे त्याला काय सांगणार?

रात्रीचं जेवण झाल्यावर हिला विचारलं, गुरुवारी मी आलो तर चालेल का.

"मला काय विचारता? शेड त्याची आहे," ती म्हणाली. पण चहा आज बशीत सांडला नव्हता.

२६ मार्च, गुरुवार

काल हिरवं पॅड घेऊन बसलो होतो. चाळीस चिठ्ठ्या लिहिल्या, नगांचे क्रमांक कार्बन प्रतीवरून घातले, प्रत्येकीवर पूर्ण सही केली. एक्केचाळिसावी नव्या ट्रान्स्फॉर्मरची. शिवाय मनात भाषण तयार केलं. मापाच्या कागदातली त्रुटी, साहेबांची बेपर्वाई, सगळं मुद्देसूद.

शेड पत्र्याची, रस्त्याच्या पार टोकाला. बाहेर पंपाच्या मोटारी उघड्या पडलेल्या. व्हार्निशचा तो वास. आत मेहुणा स्टुलावर बसला होता, डोळ्यांपासून वीतभर अंतरावर तार धरून. केस सगळे पांढरे. मला ओळखलं ते पावलांवरून असणार.

"या साहेब," तो म्हणाला. भाऊजी म्हणाला नाही.

भाषण विसरलो. म्हणालो, "भार लावून मोजलं."

"किती आलं?"

"सहा पॉइंट तीन. वरचं दोनशे एक्कावन्न."

"एक जास्त आलं," तो म्हणाला. "ताई, एक वेढा जास्त मोजला असशील."

"मुळीच नाही," ही म्हणाली.

मी म्हणालो, "माझं चुकलं."

"ते मला अकरा वर्षं माहीत आहे. तुम्हाला कधी कळलं?"

"गेल्या शुक्रवारी."

तो जरा हसला, पण ते हसू काही चांगलं नव्हतं. मी सांगायला गेलो की मापाच्या कागदावर भाराचं लिहिलेलं नव्हतं. त्याने तार खाली ठेवली. "कागदावर नव्हतं. पण मी तोंडाने सांगितलं होतं. एकदा लावून बघायला पाच मिनिटं लागली असती. तुम्हाला वाटलं, हा नात्याचा फायदा घेतोय. मी तुमच्याकडे नातं मागितलं नव्हतं हो, पाच मिनिटं मागितली होती."



मी हिरव्या चिठ्ठ्यांची जुडी त्याच्या हातात दिली. त्याने बोटांनी चाचपली, एक डोळ्याजवळ नेऊन वाचली. मग उठून कोपऱ्यातला पडदा बाजूला केला. लोखंडी मांडणी होती. तीन फळ्यांवर चाळीस ट्रान्स्फॉर्मर, ओळीने. प्रत्येकाला माझी लाल चिठ्ठी. लाल कसली, विटून गुलाबी झालेली. एकही सोडलेली नाही, एकही नग विकलेला नाही.

"ह्या काढून टाकायच्या होत्यास," मी म्हणालो.

"ज्याने बांधल्या त्याने सोडाव्यात, असं मी ठरवलं होतं."

मी पहिला नग उचलला आणि हिरवी चिठ्ठी बांधायला घेतली. त्याने माझा हात धरला.

"हे काय? आधी मोजा."

"आता काय मोजायचं? सगळे बरोबरच असणार."

"न मोजता पास करायला लागलात?" तो म्हणाला. "तेव्हा नीट न मोजता नापास केलंत, आता न मोजता पास. भार लावा, तापू द्या, मोजा, मग सही करा. मला मेहरबानीची चिठ्ठी नको, भाऊजी."

भाऊजी म्हणाला. मी मान खाली घातली आणि मीटर काढला.

नुसतं लावून बघायला पाच मिनिटं पुरतात, पण रीतसर तपासणीत एका नगाला भार लावून, पुरता तापू देऊन, दोन्ही मापं घ्यायला पाऊण तास जातो. ही आकडे लिहायला बसली. सहा पॉइंट तीन. सहा पॉइंट तीन. सहा पॉइंट तीन. अंधार पडेपर्यंत तीन नग झाले, तिन्ही पास. सदतीस राहिलेत. म्हणजे अजून बारा-तेरा गुरुवार गेले, आणि तो मला खुर्ची देत नाही, खोक्यावर बसवतो. माझ्या पाठीचा कोणी विचार केला आहे का?

खरा वेळ मात्र मोजण्यात गेला नाही. जुन्या चिठ्ठ्यांच्या गाठी सुटेनात. दोरा अकरा वर्षांत व्हार्निशला चिकटून तारेसारखा कडक झालेला, त्यात तिहेरी गाठ. मी कात्री मागितली. ही म्हणाली, "कात्री नाही मिळणार. नखांनी सोडवा." सोडवल्या. अंगठ्याचं नख मुळापासून दुखतं आहे, पेन धरवत नाही. इतक्या घट्ट बांधायला मला सांगितलं कोणी होतं?